दोन चुलींचा हिशेब

चैत्र सरत आलाय. अकराच वाजलेत, पण देगलूरच्या बाजारपेठेत माणसं आत्तापासून भिंतीच्या सावलीला धरून चालतायत. किराणा दुकानाच्या पायरीला लागून पोती उघडी ठेवलीत. ज्वारी, तूर डाळ, शेंगदाणे, फोडलेली चिंच. वर पंखा आहे. त्याचा आवाज येतो, वारा येत नाही. साखरेचं पोतं पाठीवर घेतलेला हमाल ‘बाजू, बाजू’ करत आत शिरतो. गल्ल्यावर सावकार बसलेत. गिऱ्हाइकाशी मराठी, हमालाशी दखनी, आतून चहा आणणाऱ्या नातवाशी तेलुगू. आडनावाच्या शेवटी ‘वार’. त्यांच्या घराण्याला इथं किती पिढ्या झाल्या, हे त्यांनाही धड सांगता येत नाही. गाव विचारतही नाही.

पायरीवर एक बाई टेकलीय. घर गावातलंच, थोडी शेतीही आहे. यादी कागदावर नाही, तोंडात आहे. तूर डाळ पंचवीस किलो. पापडाला उडदाची डाळ. तेलाचे दोन डबे. चिंच पाच किलो. घरात लग्न आहे, शिवाय वर्षाचं भरणं याच दिवसांत होतं. सावकार मोजत नाहीत, लिहितात. लाल कापडी पुठ्ठ्याची लांबट वही. पेन थांबतं.

“मागचं जरा राहिलंय, ताई.”

“पळून जालालाव का आम्ही? सोयाबीन झालं की देताव.”

सावकार हसतात आणि पुढची ओळ लिहितात. सोयाबीन अजून पेरायचं आहे.

तिच्या मागे तीन पोरं उभी आहेत. बोटांवर सिमेंटची पांढरी खपली, भुवयांवर फरशी कापल्याची धूळ. तिघं उत्तर प्रदेशातले. गावात नवी घरं उठतायत, त्यांच्या फरश्या बसवतात. त्यांची यादी लहान आहे. गव्हाचं पीठ पाच किलो. सरसोंचं तेल, अर्ध्या लिटरची बाटली. मसूर डाळ अर्धा किलो. हळदीची दहा रुपयांची पुडी. एक जण बिस्किटाच्या पुड्याला हात लावतो, दुसरा त्याच्याकडे बघतो, पुडा परत जातो. मग मोबाइल निघतो. काउंटरवरचा स्पीकर सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असा ओरडतो, रुपये मिळाल्याचं सांगतो. व्यवहार संपला. वही उघडलीच नाही.

“लई चिंगूस लोक,” ते गेल्यावर सावकार म्हणतात. थोडं थांबून पुढं जोडतात, “पण रोख.”

ही दोन वाक्यं या गावात कुठंही ऐकायला मिळतात. हार्डवेअरवाल्याकडे, खोलीमालकाकडे, सलूनमध्ये. बाहेरचा माणूस खर्च करत नाही, आपला माणूस हात राखत नाही. ऐकताना पटतं. पण त्या अर्ध्या लिटरच्या बाटलीकडे बघत राहिलं की प्रश्न पडतो. लिटरमागं तीच महाग. दहा रुपयांच्या पुडीतली हळद किलोच्या हिशेबानं सगळ्यात महाग. तेलाचे डबे नेणाऱ्या बाईंपेक्षा ही पोरं प्रत्येक घासाला जास्त पैसे मोजतायत. साठवायला त्यांच्याकडे जागा नाही, आणि इथं किती दिवस राहायचं तेही ठरलेलं नाही.

बिस्किटाचा पुडा जिथं परत गेला, तो कोपरा दुकानातला सगळ्यात चमकदार आहे. कुरकुरे, शेवया, नूडल्स, थंड पेयं. सावकार सांगतात, आधी दुकान धान्यावर चालायचं, आता या लटकणाऱ्या माळांवर चालतं. सरकारी पाहणीही तेच म्हणते. 2023-24च्या घरगुती खर्चाच्या पाहणीत देशातल्या खेड्यांत माणशी महिन्याचा खर्च सरासरी 4,122 रुपये निघाला, शहरांत 6,996. खेड्यात त्यातला 47 टक्के खाण्यावर, शहरात जवळपास 40 टक्के. आणि खाण्यातला सगळ्यात मोठा वाटा ना धान्याचा, ना दुधाचा. तो पेयं आणि तयार पदार्थांचा. खेड्यातसुद्धा. पुडा परत ठेवणारा पोरगा त्या सरासरीच्या बाहेर उभा आहे.

बाजाराच्या आत मिरचीचा खाट उठलाय. बायका पदर नाकाला लावून ढिगात हात घालतात, देठ मोडून बघतात, रंग बघतात, शिंकतात. लाल ढीग, विटकरी ढीग. वर्षाचं तिखट एकदाच होतं. ते चुकलं तर बारा महिने बोलणी खावी लागतात. म्हणून इथं कुणाला घाई नाही. एका ढिगाशी सासू-सून. सासू भाव करते, सून गप्प. सून बिचकुंद्याकडची आहे. भाव फिसकटतो तेव्हा ती एकदम तेलुगूत विक्रेत्याला काहीतरी सुनावते, आणि तो दहा रुपये खाली येतो. सासूच्या चेहऱ्यावर नाराजी आहे की कौतुक, ओळखू येत नाही.

बिचकुंदा इथून फार लांब नाही. एके काळी ते देगलूर तालुक्यातच होतं. 1 नोव्हेंबर 1956ला राज्यं नव्यानं आखली गेली, तेव्हा नांदेड जिल्हा मुंबई राज्यात आला. पण देगलूर तालुक्यातली बिचकुंदा आणि जुक्कल ही दोन मंडळं आंध्रात गेली. आता ती तेलंगणात आहेत. सोयरिका मात्र नकाशा बघून ठरत नाहीत. त्यामुळं या गावात बाहेरून येऊन राहिलेल्यांची मोजदाद करायची ठरली, तर फरशीवाल्या पोरांच्या कितीतरी आधी या सुनांची रांग लागेल. देशभर तसंच आहे. 2020-21च्या श्रमबल पाहणीत बायकांपैकी 47.9 टक्के स्थलांतरित निघाल्या, पुरुषांपैकी 10.7. आणि त्या बायकांतल्या जवळपास 87 टक्के लग्न होऊन आलेल्या.

त्या सुनेच्या पिशवीत काय आहे? तांदूळ. सासूला भाकरी लागते, सुनेला भात. सासूच्या घरात तांदूळ सणावाराचा होता, आता रोजचा झालाय. चिंच जास्त लागते, तेल जरा जास्त लागतं. अंबाडीची जुडी दोघींना चालते. एकीची भाजी, दुसरीची पच्चडी. दरमहा लाडकी बहीणचे 1,500 सुनेच्या खात्यात येतात. जन्म परराज्यातला, तरी नवरा इथला रहिवासी म्हणून त्याचा दाखला चालला. ते पैसे कशाला जातात, असं सहज विचारलं तर ती ढिगाकडे बघत म्हणते, “पोराच्या ट्यूशनला.” सासू लगेच, “आणि हिच्या मोबाइलला.”

ट्यूशन. हा खर्च दुकानात दिसत नाही, वहीतही नाही. पण इथल्या घराचं कंबरडं तोच मोडतो. दहावी झाली की पोरगं लातूरला किंवा नांदेडला. नीटचा क्लास, खोली, मेस. एक पोरगं शिकतं आणि सगळं घर हप्ते भरतं. चहाच्या टपरीवर बाप लोक गुणांवर बोलतात, फीवर बोलताना आवाज खाली येतो. त्यांच्यात जमिनीचा तुकडा विकलेले असतात, सोनं गहाण ठेवलेले असतात. त्यांना कुणी उधळे म्हणत नाही. म्हणूही नये.

दीड वाजतो. रस्ता पांढरा पडलाय. कुल्फीची गाडी लिंबाखाली थांबलीय. गाडीवर रंगीत मोरांची चित्रं, मालक राजस्थानातला. उन्हाळाभर इथं, पावसाळ्याच्या तोंडाला परत. घंटी वाजवतो, गिऱ्हाईक नाही. स्वतः मात्र टपरीवरचं माठातलं पाणी पितो.

मोबाइल-झेरॉक्सच्या दुकानापुढं रांग आहे. चौदा-पंधरा जण, एकाच पत्र्याच्या सावलीत. दार अरुंद, आत एक खुर्ची, एक संगणक, बोटाचा ठसा घेणारं लाल दिव्याचं छोटं यंत्र. पैसे पाठवायचे आहेत. ज्यांच्या घरी धड मोबाइल चालतो ते फोनवरूनच पाठवतात. इथं उभे आहेत ते रोख मजुरीवाले, आणि ज्यांच्या गावी घेणारा म्हातारा बाप आहे ते. वीटभट्टीवरचे, पीओपीवाले, पाणीपुरीवाला, रंगारी. खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या नोटा निघतात. घामानं ओल्या. दुकानदार त्या टेबलावर पसरून मोजतो.

“कितने?”

“आठ हजार.”

“दो बार में जाएगा. ओटीपी बोलो.”

एका फेरीत पाच हजारांवर जात नाही. नोव्हेंबर 2024पासून ओळखपत्राचा नियमही कडक झालाय, त्यामुळं आधारची झेरॉक्स, मग ओटीपी, मग नेटवर्क. गोल चकती फिरत राहते. रांग त्या चकतीकडे बघते. हजाराला दहा रुपये कट. आठ हजारांना ऐंशी. पावती निघते, तिचा मोबाइलवर फोटो काढून गावी पाठवला जातो, आणि मगच माणूस खुर्चीवरून उठतो. परदेशातून पैसे पाठवणाऱ्यांना जगभरात सरासरी शेकडा सहाच्या वर खर्च येतो. त्या मानानं इथं शेकडा एकच. परदेशातल्या भारतीयांनी 2024मध्ये मायदेशी धाडलेली रक्कम जागतिक बँकेनं 129 अब्ज डॉलरच्या आसपास धरली होती, जगात सगळ्यात मोठी. त्याची बातमी होते. या पत्र्याखालच्या रांगेची होत नाही.

“महिन्याला कमावता किती?” मी पुढच्या रंगाऱ्याला विचारतो. तो कमाई सांगत नाही, उरलेलं सांगतो. “तीन-साढ़े तीन में यहाँ चल जाता है. बाकी घर.” घरी काय चाललंय? बहिणीचं लग्न. आणि पक्क्या घराचा स्लॅब. फोटो दाखवतो. विटांच्या भिंती, वर आलेल्या सळ्या, पुढं खाटेवर आई. लग्नात किती पंगत? तो हसतो. “पूरा गाँव.”

म्हणजे तोही हात राखत नाही. फक्त तो हात इथं दिसत नाही.

बसस्थानकावर उलटा प्रवाह लागलाय. हैदराबादची गाडी लागायची आहे. फलाटावर बोचकी, पिंप, दोरीनं बांधलेली गादी, आणि पिठाच्या पिशव्या. ज्वारीचं पीठ, दहा-दहा किलो. शेजारी डाळ, घरचं तिखट, चटणीचा डबा. तालुक्यातली आणि मुखेडकडची ही कुटुंबं बांधकामावर निघालीत. लहान पोरं बोचक्यांवर झोपलीत, तोंडावर माश्या.

“मामा, एवढं पीठ कामून?”

“तिथं इकत घेऊन खाल्लं तर घरला काय पाठवावं?”

बस्स. फरशीवाल्या पोरांचाच हिशेब, मराठीत. तिथं हैदराबादेत एखाद्या किराणा दुकानात हा मामाही पाव किलो तेल मागत असेल, आणि तिथला दुकानदार मागं काहीतरी म्हणत असेल. दसऱ्याला हेच मामा गावी येतील तेव्हा नव्या पॅन्टीत असतील, भावकीला मटण खाऊ घालतील, देवाला नारळाचं तोरण बांधतील. गावातली माणसं म्हणतील, हैदराबादेत लई पैसा आहे.

ध्वनिक्षेपक खरखरतो. गाडी लागते, गर्दी दारावर तुटून पडते. खिडकीतून रुमाल, टोप्या, चप्पल टाकून जागा धरल्या जातात. तिकिटाचा हिशेब इथं वेगळाच आहे. महाराष्ट्रात 17 मार्च 2023पासून बायकांना एसटीत निम्मं तिकीट, पण राज्याच्या हद्दीपुरतं. कर्नाटकानं त्याच वर्षीच्या जूनमध्ये आपल्या राज्यातल्या बायकांचा प्रवास फुकट केला, तेलंगणानं डिसेंबरात. तिन्ही राज्यांच्या कडेला बसलेल्या या गावात बाया तिकिटाआधी गाडीचा रंग बघतात. एक म्हातारी मदनूरला निघालीय, लेकीकडं. तिचं आधार महाराष्ट्राचं, म्हणून तिला तेलंगणाची सवलत नाही. लेकीचं आधार तिकडचं, म्हणून लेक तेलंगणाच्या हद्दीपर्यंत फुकट येते. “मग तीच येऊ दे की,” वाहक म्हणतो. म्हातारी पदरातली गाठ सोडते. “मी गेल्याबिगर कसं? नात झालीय.”

ऊन कलायला लागतं. मुख्य रस्त्यावर कापड दुकानांचे पडदे वर जातात. लग्नाचा बस्ता फाडणं चाललंय. एका दुकानात गादीवर बारा माणसं, मधोमध साड्यांचा ढीग, कडेला थंड पेयांच्या रिकाम्या बाटल्या. आहेराच्या साड्या, टॉवेल-टोपी, मानाचे पोशाख. कुणाला कितीची साडी द्यायची यावर आत्या आणि मावशी यांच्यात तलवारी निघाल्यात. साडी नेसणारीला आवडेल का, हा प्रश्न कुणी काढत नाही. तिनं आपल्याला कितीची दिली होती, एवढंच बघायचं. इथं जन्मलेल्या माणसाचा अर्धा खर्च असा आधीच ठरलेला असतो. चार गल्ल्यांत नातेवाईक असण्याची ती किंमत आहे. परराज्यातून आलेल्या पोराला इथं कुणाच्या लग्नात आहेर करायचा नाही. म्हणून त्याचे वाचतात.

गावाच्या कडेला नव्या वस्तीत खोल्यांची चाळ आहे. सहा दारं, पुढं एक नळ, एक मोरी. दोरीवर वाळत घातलेले पॅन्ट-शर्ट, सगळ्यांवर रंगाचे ठिपके. भाडं खोलीवर नाही, माणसावर आहे. सहा जण राहिले तर सहा भाडी. विजेचं वेगळं. गावातलं कुटुंब याहून मोठं घर याहून कमी पैशात भाड्यानं घेतं, हे मालकच सांगतो, काहीही न लपवता. “ह्यांचा काय भरवसा? आज आहेत, उद्या नाहीत.”

दार उघडं आहे. आत पाच किलोचा छोटा सिलिंडर, त्यावरच बसवलेला बर्नर. घरगुती 14.2 किलोच्या टाकीला पत्त्याचा पुरावा लागतो. या छोट्याला लागत नाही. पण किलोमागं तो महाग पडतो. आज कणीक मळायची पाळी सकाळी बिस्किटाचा पुडा परत ठेवायला लावणाऱ्याची आहे. बटाटे चिरले जातायत. भिंतीवर खिळ्याला एक नवी पिशवी लटकतेय, त्यात साडी, कापड दुकानाचं नाव बाहेरून दिसतं. घरी जाताना न्यायची. देगलूरला रेल्वे नाही. आधी नांदेड गाठायचं, सुमारे 80 किलोमीटर, मग दीड दिवस जनरल डबा.

खर्चाची सरकारी पाहणी करणारा माणूस उद्या इथं आला, तर तो या खोलीतल्या सहा जणांना काय लिहील? एका स्वयंपाकघरात जेवणारी, एकत्र राहणारी माणसं म्हणजे एक कुटुंब, अशी त्या पाहणीची व्याख्या आहे. म्हणजे ही एक चूल, एक कुटुंब, माणशी साडेतीन हजार. रंगाऱ्याच्या बहिणीच्या लग्नाची पंगत दुसऱ्या चुलीवर लिहिली जाईल, दुसऱ्या राज्यात, दुसऱ्या वहीत. दोन्ही वह्या एकत्र ठेवल्याशिवाय हा माणूस चिंगूस की उधळा हे कळायचं नाही. गावाला मात्र एकच वही दिसते.

“राशन मिलता है?” मी विचारतो.

“कार्ड तो गाँव का है,” कणीक मळणारा म्हणतो, जणू विषय संपला.

चाळीपासून हाकेच्या अंतरावर रेशन दुकान आहे. अर्धं शटर खाली, आत ई-पॉस यंत्राचा हिरवा उजेड, तांदळाची पोती. दोन बायका अंगठा लावून धान्य घेऊन चालल्यात. फरशीवाली पोरं या दुकानावरून रोज दोनदा जातात, आणि धान्य बाजारभावानं विकत घेतात.

देगलूरकरांनो, तुमच्या खोलीत किंवा तुमच्या बांधकामावर असा कुणी असेल तर त्याला एवढं सांगा. ‘एक देश एक रेशनकार्ड’ जून 2022पासून देशाच्या सगळ्या राज्यांत लागू आहे. कार्ड अन्नसुरक्षा योजनेतलं आणि आधारशी जोडलेलं असेल, तर ते गावाकडचं असलं तरी इथल्या दुकानात चालतं. त्याच्या वाट्याचं महिन्याचं पाच किलो धान्य तो इथं उचलू शकतो, बाकीच्यांचं घरचे तिकडं उचलू शकतात. जानेवारी 2023पासून ते फुकट आहे. कार्ड बरोबर आणायचीही गरज नाही. कार्डाचा नंबर किंवा आधार, आणि अंगठा पुरतो. दुकानदार नाही म्हणाला तर 14445 या नंबरावर फोन लावून द्या. आणि हैदराबादला निघालेल्या आपल्या मामालाही हेच सांगा.